गंधकाचा चहा

१

शाळेच्या कोपऱ्यातल्या वर्गाचं कुलूप जागच्या जागी होतं. आतली पोती तेवढी गायब होती.

तांदूळ, तूरडाळ, पीठ, साखर, चहापावडर, सगळं. नाशिक रोडच्या एका कॉलनीतल्या लोकांनी आमच्या गावासाठी गोळा करून पाठवलेलं. २०२० चा जुलै होता. द्राक्षं बागेत सडून गेलेली, मजुरांच्या हाताला काम नाही, आणि शहरातून जो माणूस गावात येई त्याला चौदा दिवस शाळेत कोंडत होते. त्या सगळ्यांच्या चुलीचं सामान होतं ते. एका संध्याकाळी आलं आणि सकाळी गेलं!

गावाचं नाव लिहीत नाही. पिंपळगाव बसवंतच्या जवळ, एवढंच. पप्पा म्हणाले, "नाव घालून लिहायचं तर आधी मला विचार." विचारलं. नाही म्हणाले. तर गाव गाळलंय. राग अख्खा ठेवलाय.

वर्गात फिनेलचा कॅन लवंडला होता. अंधारात चोराचा पाय लागला असणार. इतका उग्र वास की आम्ही सगळे फाटकापाशीच नाकाला पदर, रुमाल, बाही, मिळेल ते लावून उभे. पप्पा तर फाटकाबाहेरूनच ओरडत होते, "अरे दारं उघडा, मरतो का काय माणूस!"

आत फक्त रोहितदादा गेला. माझा चुलतभाऊ. पुण्याहून जूनमध्ये आलेला आणि आल्या आल्या गावाच्या कोरोना दक्षता समितीचा प्रमुख झालेला. फिनेलच्या थारोळ्यात मधोमध उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून त्याने मोबाइलवर व्हिडिओ केला. लांबलचक. मला केवढा अभिमान वाटला होता! आमचा दादा!

व्हिडिओच्या शेवटी तो म्हणाला, "सामान आणलं कोणी? निसारच्या टेम्पोने. कुठे ठेवलंय हे माहीत कोणाला? निसारला. मालेगावला जातंय कोण? बाकी गावाने समजून घ्यावं."

गावाने लगेच समजून घेतलं. समजून घ्यायला गाव टपूनच बसलं होतं.

२

निसारचाचा म्हणजे आयशाचे अब्बा. आयशा माझ्या बाकावर बसते, पहिलीपासून. यंदा आम्ही दोघी दहावीला. निसारचाचांच्या टेम्पोतून आमच्या गावाची द्राक्षं, टोमॅटो, लग्नाची भांडी, बाळंतिणी, सगळं गेलंय. पण त्यांची बहीण मालेगावात, आणि त्या दिवसांत टीव्हीवर मालेगाव म्हटलं की लोक दार लावून घेत होते.

दुपारपर्यंत वेशीवर आडव्या बांधलेल्या बांबूपाशी त्यांचा टेम्पो अडवला. "शनिवारी समिती बसेल, निकाल लागेल, तोवर गाडी गावाबाहेर न्यायची नाही." तिथल्या गर्दीत कोणीतरी "चोर" म्हणालं. मग चारी बाजूंनी "चोर, चोर". त्यातला एक आवाज माझ्या पप्पांचा होता.

मी आयशाला फोन केला.

"शनिवारपर्यंत कोण थांबतंय?" ती म्हणाली. "अब्बा सामान बांधतायत. निकाल काहीही लागो, शनिवारीच निघायचं म्हणतात. मालेगावला फुफीकडे राहू."

"आणि दहावी?"

"तिथे कोणाकडे मोबाइल असला तर बघू."

मी फोन ठेवला आणि अक्षरशः पाय आपटले. आई म्हणाली, "काय झालं गं?" म्हटलं, "तपास सुरू झालाय."

पहिली चतुराबाई. शाळेची खिचडी तीच शिजवते आणि वर्गाची किल्ली तिच्याकडे असते.

"किल्ली कोणाकोणाच्या हातात गेली, चतुराबाई?"

"हातात? कोणाच्याच नाय." तिने दाराबाहेरच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. लिंबाच्या पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता आणि तळाला किल्ली. "कोरोना लागू नये म्हणून पाण्यात ठिवलीय. ज्याला पायजे त्याने चिमट्याने काढायची, परत टाकायची."

"म्हणजे कोणीही काढू शकतो?"

"कोरोना सोडून कोणी पण!" असं म्हणून ती इतकी हसली की मला राग यायच्या ऐवजी मीही हसले. पण किल्लीचा धागा तिथेच तुटला.

मग काकूच्या घरी, दादाकडे. तो स्वयंपाकघरात पाटावर बसून लॅपटॉपवर 'संशयितांवर बंदी' असा ठराव टाइप करत होता. त्याच्या कोपरापाशी खालीच मांडलेल्या गॅसवर दूध उतू जाऊन भांडं काळं ठिक्कर पडलेलं. मला अंगणातच करपल्याचा वास आला होता. काकू मागच्या दारातून धावत आली.

"अरे मेल्या, नाकाशी दूध जळतंय!"

"लक्ष नव्हतं गं आई," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "काय स्नेहल, डिटेक्टिव्ह झालीस म्हणे? चोर सापडलाय. तू भूमितीचा अभ्यास कर."

भूमिती! मला सगळ्यात चांगला येतो त्याच विषयावरून टोमणा. तेव्हाच ठरवलं, आता सोडायचं नाही.

३

दोनच दिवसांनी गावात मदत वाटली गेली. खंडेराव अण्णांनी.

अण्णांबद्दल सांगते. आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपली होती. कोरोनामुळे निवडणूक पुढे ढकललेली. तोवर गावातलाच कोणी 'योग्य माणूस' प्रशासक नेमणार, अशी हवा होती, आणि योग्य कोण ते वरून ठरणार होतं. मत मागायचं नाही, वर फोटो पाठवायचे! मग काय, अण्णांचे योग्य दिसायचे फोटो सुरू झाले. अण्णा फवारणी करताना. अण्णा डॉक्टरांना फूल देताना. अण्णा गाईला मास्क दाखवताना.

आणि आता पिशव्या. प्रत्येक पिशवीवर अण्णांचा हसरा चेहरा, तोंडाला पिन मारून बंद. बायका गोल आखून उभ्या केल्या. पिशवी हातात द्यायची, फोटो होईपर्यंत सोडायची नाही. चतुराबाईच्या वेळी मोबाइल अडकला, तर तिच्याकडून पिशवी परत घेऊन पुन्हा दिली. म्हाताऱ्या बाईकडून! परत घेऊन!

मी सरळ पुढे गेले. "अण्णा, हे सामान कुठून आणलं?"

"कुठून म्हणजे? खिशातून." आजूबाजूचे हसले. "पोरी, चोरीचं आणि माझं एकच वाटतंय का तुला? बांधून आलंय हे, होलसेलमधून. मी तर पिशवी उघडून पण बघितली नाय."

"कोणी आणून दिलं?"

"हिरामणची ना तू?" अण्णांचं हसू पिशवीवर होतं तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. "घरी विचार, मोठ्या माणसांशी कसं बोलतात."

संध्याकाळी चतुराबाई उकिरड्यावर चहापावडर ओतत होती.

"घोट घेतला आणि सगळं बाहेर आलं," ती म्हणाली. "कसला तरी जळका वास मारतोय. पिठाला पण हाय, पण पीठ कसं टाकू? खातोय नाक दाबून."

"बाकीच्यांचा?"

"सगळ्यांचा तसाच. पण बोलणार कोण? फुकटच्याला नाक नसतं म्हणतील."

मी उरलेली पुडी मागून घेतली. चहापावडर शेजारच्याचा वास पटकन धरते, हे आमच्या आईने हिंगाचा डबा शेजारी ठेवून एकदा अनुभवलंय. म्हणजे ही पावडर कुठे ठेवली होती ते तिलाच विचारायचं.

घरी आल्यावर पुडी पप्पांच्या नाकाखाली धरली. काही न सांगता.

ते झटकन मागे सरले. "गंधक! बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवला होता का कोणी हा?"

४

यंदा मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा व्यापारी पळाले, परदेशी जाणारे कंटेनर अडकले, आणि द्राक्षांचं करायचं काय म्हणून अर्ध्या गावाने आयुष्यात पहिल्यांदा बेदाणे केले. द्राक्षं पिवळीधमक राहावीत म्हणून एका हवाबंद खोलीत गंधकाची धुरी देतात. धुरी संपून महिने झाले तरी ती खोली उघडली की डोकं भणभणतं. शिवाय आता ती कोरडी, रिकामी, कुलूपबंद. जुलैत पोती लपवायला याहून चांगली जागा नाही!

दुसऱ्या दिवशी मी शेडमागून शेड पालथी घातली. एकीत कडबा भरलेला. एकीचं छप्पर गळून तळं झालेलं. एकीत कुत्री व्यायली होती, तिने मला आत पाऊलच टाकू दिलं नाही, चोराला कुठून टाकू देणार! सगळ्या बघून झाल्या. एकच उरली.

आमची.

किल्ली आमच्या ओटीवरच्या खुंटीला असते. ती पप्पा घेतात, आणि समोरच्या घरातून दादा. तिसरं कोणी नाही. मी दार उघडलं. पोती नव्हती. पण जमिनीवर पिठाचा पांढरा पट्टा होता, पोतं ओढल्यासारखा, आणि कोपऱ्यात चहाचे दाणे. पिशव्यांना मारतात तसल्या पिना विखुरलेल्या.

"चोर" म्हणणारा पप्पांचा आवाज कानात वाजायला लागला. वेशीवर सगळ्यात मोठ्याने.

५

पप्पा गोठ्यात होते. मला फिरवून-फिरवून विचारता येत नाही. सरळच विचारलं.

"पप्पा, शाळेतली पोती तुम्ही आपल्या धुरीच्या खोलीत ठेवलीत का?"

त्यांच्या हातातली बादली थांबली. वाटलं, आता एक ठेवून देतील.

"मी?" ते म्हणाले. "धुरीच्या खोलीत? चहा? पीठ? अगं अख्खा एप्रिल मी तिथं खोकत काढला. आंधळा तरी ठेवील का तिथं खायचं? अक्कल हाय का काय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पप्पांना चोरीचा आरोप लागलाच नव्हता, बावळटपणाचा लागला होता! चोरी केली असती तरी त्यांनी चहा तिथे ठेवला नसता. गावात ज्याने-ज्याने बेदाणे केले त्यातल्या कोणीच नसता ठेवला. ती खोली कशाची हे माहीत नसलेला माणूस हवा, म्हणजे धुरी आटोपल्यावर गावात आलेला. पण एवढ्याने भागत नाही. नवखा असला तरी नाक असतंच की! दार उघडलं की कळतं. पिशव्या भरताना, चहा ओतताना, पिना मारताना कळतं. त्याला नाहीच कळलं.

आणि फिनेलमध्येही कळलं नव्हतं. जळत्या दुधाशेजारीही नाही.

वास जाणं कशाचं लक्षण आहे, हे त्या जुलैत पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. दादानेच तर ते पत्रक ग्रुपवर टाकलं होतं.

मी पप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते माझ्याआधी पोचले होते.

"पुण्यात चौदा दिवस काढून आलोय म्हणाला होता," ते हळू म्हणाले. मग बादली उचलली. "घरातलं घरात ठेवू, बाई. मी त्याला दम देतो. शनिवारी तू काही बोलायचं नाय."

"आणि निसारचाचा?"

पप्पा बादली घेऊन गोठ्याबाहेर निघाले.

"तुम्ही त्यांना बाहेर चोर म्हणालात, पप्पा. बाहेर! आणि आता आपलं निघालं तर घरात?"

मी जेवले नाही. पप्पाही जेवले नाहीत. आईने दोन्ही ताटं झाकून ठेवली आणि माझ्या हातातल्या पुडीकडे बघत म्हणाली, "चहा करायला मोठं पातेलं लागेल ना उद्या?"

६

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात लांब-लांब खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध अण्णा, शेजारी दादा. फाटकाबाहेर निसारचाचांचा टेम्पो, गाद्या-भांडी-कपाटाने भरलेला. पुढे आयशा आणि तिची दादी, गुलजारबी.

मी कागदी कपांतून चहा वाटला. शहाण्या मुलीसारखा.

अण्णांनी घोट घेतला आणि पिचकारी मारली. "काय पाजतीस गं हे?" चतुराबाईने कप ओठाशी नेऊनच लांब धरला. पप्पांनी तर उचललाच नाही.

दादाने अर्धा कप संपवला होता.

"काय झालं अण्णा? चांगलाय की."

"कसला वास येतोय, दादा?" मी विचारलं.

"चहाचा. आलं घातलंयस ना?"



"आलं नाही, दादा. गंधक. अण्णांच्या पिशवीतलीच पावडर आहे. अख्ख्या गावाने ओतून दिली ती."

दादाने कप खाली ठेवला. "सर्दी झालीय जरा."

"सर्दी?" चतुराबाई उठलीच. "मग बांध बिस्तरा! माझ्या भाच्याला एक शिंक आली, तर तू त्याला चौदा दिवस आत घातलास. नियम तुझाच ना?"

"आजची सर्दी आहे, आजची!"

"आजची कशी?" काकू मागून म्हणाली. बिचारी त्याला वाचवायलाच उठली होती. "पुण्याहून आल्यापासून जेवण लागत नाय त्याला. भाजीत मीठ-तिखट आहे एवढं कळतं म्हणतो, बाकी माती. नोकरीच्या टेन्शनने झालंय ओ."

दादाने डोळे मिटले. काकूला कळलंच नाही आपण काय बोललो ते. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

मग मी सगळं सांगितलं. फिनेल, दूध, आमची खोली, पिठाचा पट्टा. आमची, हे दोनदा सांगितलं. "ज्याने ठेवलं त्याला खोली कशाची ते माहीत नव्हतं आणि वासही येत नव्हता. असा माणूस गावात एकच आहे. तो आजारी होऊन आला, लपवलं, आणि दुसऱ्यांना शाळेत कोंडत राहिला. आणि चोर म्हणून बोट दाखवलं निसारचाचांकडे."

अण्णा ताडकन उभे राहिले. "मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं! ह्यानेच आणून दिलं, होलसेलचं म्हणून."

"अण्णा!" दादाचा आवाज फाटला. "तुम्हीच म्हणालात, कॉलनीच्या नावाने वाटलं तर आपल्याला काय? तुम्हीच म्हणालात, प्रशासक झालो की पंचायतीच्या कॉम्प्युटरवर तुला बसवतो." मग तो आमच्याकडे वळला. "कंपनीने एका मेलवर काढलं मला. ताप अंगात होता. खरं सांगितलं असतं तर गावात घेतलं असतं का तुम्ही?"

नसतं घेतलं. ते खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला. पण म्हणून दुसऱ्याला चोर करायचं?

"तू घरात घेतला गेलास, दादा," मी म्हणाले. "ते घराबाहेर चाललेत."

७

अण्णा तोवर सावरले. "झालं गेलं विसरू. निसारभाई, या, या इकडं. आपण एक फोटो घेऊ. गाव एक आहे असं दिसू दे."

निसारचाचा फाटकाच्या आत आले नाहीत.

"मी इथं जन्मलो, अण्णा," ते म्हणाले. "माझा बाप इथल्या मातीत हाय. आणि मी चोर नाय हे कळायला तुम्हाला चहा लागला?"

त्यांनी टेम्पोच्या फळीवर हात ठेवला.

"गाडी मी भरली. उतरवणार नाय. ज्याने-ज्याने मला चोर म्हटलं, त्याने येऊन एक-एक वस्तू उतरवावी, घरात नेऊन ठेवावी. माझ्या हातची, माझ्या घरातली. गाडी रिकामी झाली तर राहतो. उद्या संध्याकाळपर्यंत."

गेले कित्येक दिवस त्यांच्या हातची सुटी चिल्लरसुद्धा कोणी घेत नव्हतं.

पप्पा उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. टेम्पोपाशी गेले, सगळ्यात मोठी गादी ओढली, डोक्यावर घेतली. "मी म्हणालो होतो," एवढंच बोलले आणि निसारचाचांच्या घराकडे चालायला लागले. मागून काकू गेली, एक पिंप घेऊन. ती काहीच म्हणाली नव्हती कधी. तरी गेली.

बाकी पटांगण रिकामं झालं, बघता बघता.

पण टोमॅटो थांबत नाहीत! पहिला तोडा शेतात लाल झालेला, पिंपळगावला न्यायला बाहेरची एक गाडी गावात यायला तयार नाही, आणि गावातली एकुलती गाडी संसाराने भरून उभी. रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. एकेकटी, इकडेतिकडे बघत. कोणी खुर्ची नेली, कोणी शिलाई मशीन. एकाने नुसता चमचा उचलला, तर आयशा म्हणाली, "काका, तुम्ही तर तीनदा म्हणाला होतात." त्याने कपाटाला हात घातला.

मी शाळेसमोरच्या निसारचाचांच्या घराच्या ओट्यावर बसून सगळ्यांचे चेहरे बघत होते. माझा राग गेला नव्हता, अजूनही नाही. माणसं माणसासाठी आली नव्हती, टोमॅटोसाठी आली होती.

ऊन उतरताना शेवटचा मोठा हंडा तेवढा राहिला. तेव्हा अण्णा आले. पांढरे कपडे, एका हाताने हंड्याचा काठ धरला, दुसऱ्या हाताने मोबाइल उंच केला आणि हसले.

गुलजारबी दारातून म्हणाली, "दोन्ही हात लगाव, अण्णा. जड हाय."

अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला.